‘आमच्या हद्दीत येत नाही’: पावलांच्या मागापासून झिरो एफआयआरपर्यंत

आजच्या भागाचा विषय एका वाक्यातून निघालाय, आणि ते वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. फोन मारला गेला, बाईक उचलली, कुणी ऑनलाइन पैसे लंपास केले, म्हणून तुम्ही पोलीस ठाण्यात जाता. समोरचा अंमलदार विचारतो, “कुठे घडलं?” तुम्ही सांगता. तो म्हणतो, “हे आमच्या हद्दीत येत नाही. त्या ठाण्यात जा.” तिथे गेलात की ते तिसरीकडे बोट दाखवतात.

हद्द. दोनच अक्षरं. पण महाराष्ट्रात सामान्य माणसाला संरक्षण कसं मिळालं, किंवा कसं मिळालं नाही, हे समजून घ्यायचं तर या शब्दाचा इतिहास बघावा लागतो. गंमत अशी की दोनशे वर्षांपूर्वी याच शब्दाचा परिणाम जवळजवळ उलटा होता. तर आज तिथून सुरुवात करू.

शिवेपर्यंतचा माग

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आला. नवा मुलूख चालवायचा तर जुनी व्यवस्था कळायला हवी, म्हणून त्याने माहिती गोळा केली आणि १८१९ मध्ये एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचं वर्णन आहे.

गावाचा प्रमुख पाटील. त्याच्या हाताखाली गावचा राखणदार. कुठे त्याला जागल्या म्हणत, कुठे वेसकर. हे काम बहुतेक ठिकाणी महार, रामोशी, भिल्ल अशा समाजांकडे पिढीजात होतं. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायची, संशयित माणसाची खबर पाटलाला द्यायची. गावातला कोण कसा आहे हे त्याला तोंडपाठ असणं अपेक्षित होतं.

आणि चोरी झाली तर? राखणदार माग काढायला निघायचा. माग म्हणजे चोराच्या पावलांच्या खुणा. धुळीत, चिखलात, नांगरलेल्या शेतात. हा माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला, आणि तिथल्या राखणदाराची त्याने खात्री पटवली, की याची जबाबदारी संपली. पुढचा माग त्या गावाने काढायचा. असं करत चोराचा माग ज्या शेवटच्या गावापर्यंत स्पष्ट लागला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. माग बाहेर गेल्याचं दाखवता आलं नाही, तर जिथे चोरी झाली तेच गाव जबाबदार. आधी राखणदाराने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची, उरलेली सगळ्या गावाकडून वसूल व्हायची.

आता इथे जरा थांबा. हद्द तेव्हाही होती. पण “चोर आमच्या हद्दीत नाही” हे सिद्ध कुणी करायचं? राखणदाराने. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने गावोगाव फिरायचं नव्हतं. जबाबदारी शिवेवरून पुढे जायची, एका राखणदाराकडून दुसऱ्या राखणदाराकडे. आणि मध्ये ती कुठेही जमिनीवर पडायची नाही.

मग जुनं ते सोनं म्हणायचं का? नाही. एल्फिन्स्टनने स्वतःच लिहून ठेवलंय की ही भरपाई उघड अन्यायाची होती. चोरी रोखणं गावाच्या हातात असेलच असं नाही, आणि नुकसान भरून द्यायला पैसे असतील असंही नाही. त्यामुळे पूर्ण भरपाई क्वचित घेतली जायची, पण काही ना काही दंड बसायचाच. हयगय झाली तर कैद, बेड्या, फटके. शिवाय कधी राखणदारच चोरांना सामील असायचा, तर कधी पाटीलच चोरांना आसरा द्यायचा.

आणि सगळ्यात जास्त ओझं कुणावर? ज्याच्याकडे सगळ्यात कमी होतं त्याच्यावर. गाव झोपलं तरी जागायचं, चूक झाली की आधी त्यालाच धरायचं, आणि मोबदला काय, तर घराघरातून मिळणारं थोडं धान्य आणि वतनाचा तुकडा. हे विसरून ‘गाव स्वतःचं रक्षण करायचं’ असं म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

कोतवालाची तक्रार कुणाकडे?

शहरात गोष्ट वेगळी होती. पेशव्यांच्या पुण्यात कोतवाल असायचा. रात्रीचा बंदोबस्त, बाजारातली मापं, भांडणतंटे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, असं बरंच काही त्याच्या अखत्यारीत. म्हणजे प्रचंड अधिकार, आणि तेही एका माणसाच्या हातात.

त्याचं काय होऊ शकतं हे १७९१ मध्ये दिसलं. कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांना कोंडलं गेलं आणि त्यातले वीसहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळलं. शेवटी घाशीरामला जमावाच्या हाती देण्यात आलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव आपल्याला माहीत आहे, पण नाटक बाजूला ठेवून फक्त घटना बघा. कोतवालाविरुद्ध तक्रार करायची कुठे, याचं साधं उत्तर सामान्य माणसाकडे नव्हतं. आणि तक्रारीची वाट नसली की उरतो तो जमाव.

हा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

ठाणं आलं, वही आली

इंग्रजांनी जुनी घडी मोडली. किल्ल्यांवरच्या शिबंद्या गेल्या, तिथल्या राखणीवर जगणारे रामोशी बेकार झाले. पुरंदर किल्ल्याच्या राखणदार घराण्यातले उमाजी नाईक यांनी बंड उभारलं ते याच काळात. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिलं गेलं. राखण करणाऱ्याचा रोजगार गेला की काय होतं, याचं हे एक उत्तर.

दरम्यान १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकलं आणि तिथे आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस उभे केले. लष्करापासून वेगळं, गणवेशातलं, स्वतःचे अधिकारी असलेलं दल. तोच नमुना १८५० च्या दशकात मुंबई इलाख्यात आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले गेले. आजच्या ‘एसपी साहेबां’चं मूळ तिथे आहे. हे पोलीस मुळात राज्य टिकवायला उभे केले होते. लोकांची सेवा हा पहिला हेतू नव्हता.

पण त्याच सुमारास एक छोटी गोष्ट कायद्यात शिरली. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३९. पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे तक्रार किंवा खबर आली की ती लिहून घ्यायची आणि तिचा सारांश डायरीत नोंदवायचा. पुढे १८८२ च्या संहितेत हीच तरतूद कलम १५४ झाली आणि १९७३ च्या संहितेतही तो आकडा तसाच राहिला. आपण जिला एफआयआर म्हणतो, तिचा हा खापरपणजोबा.

हा मोठा बदल होता. पूर्वी तुमची तक्रार पाटलाच्या आणि राखणदाराच्या लक्षात असायची. आता ती कागदावर आली. कागदावर आलेली गोष्ट नाकारणं कठीण.

पण याच व्यवस्थेत ठाण्याची हद्दही आली. नकाशावर रेघ, रेघेच्या आतले गुन्हे या ठाण्याचे, बाहेरचे त्या ठाण्याचे. कारभारासाठी ते गरजेचंही होतं. तपास कोण करणार, खटला कुठे चालणार, हे ठरायला हवंच ना? पण व्यवहारात काय झालं बघा. गुन्हा नोंदला की आपल्या ठाण्याचा आकडा वाढतो, तपास मागे लागतो. मग तक्रारदाराला रेघेपलीकडे पाठवणं सोपं. आधी माग शिवेवरून पुढे जायचा. आता तक्रारदार जायला लागला.

पाटलाचं पुढे काय झालं?

गावातली जुनी माणसं इंग्रजांनी पूर्ण काढली नाहीत. त्यांना ती स्वस्तात हवी होती. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलीस कायदा झाला आणि गावच्या पाटलाच्या हातात पोलिसी काम कायद्याने आलं. पद बहुतेक ठिकाणी घराण्यातच राहिलं, आणि राखणदारही वतनातच अडकून राहिले.

त्या अडकण्यावर थेट बोट ठेवलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महार वतनदाराला दिवसरात्र सरकारी राबणूक, घरातलं कुणी ना कुणी कायम हजर हवं, आणि मोबदला तुटपुंजा. हे बदला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते विधेयक तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

नंतर महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली. आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. नाव जुनं, पण पद नवं. ते वडिलांकडून मिळत नाही. २५ ते ४५ वयाचा, त्याच गावचा रहिवासी, दहावी पास, अशा कुणालाही अर्ज करता येतो. परीक्षा होते, आरक्षण आहे, आणि कितीतरी गावांत आज बाई पोलीस पाटील आहेत. ज्या समाजाला रात्रभर वेशीवर उभं केलं जायचं, त्यातली मुलगी आज त्या खुर्चीवर बसू शकते. हे आपोआप झालं नाही, त्यासाठी कायदे बदलावे लागले.

पोलीस पाटील काय करतात? गावातल्या गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची, तणावाची खबर ठाण्याला देतात, पोलीस येईपर्यंत परिस्थिती सांभाळतात. मात्र एफआयआर नोंदवणं त्यांच्या हातात नाही. ती ठाण्यातच होते. म्हणजे ‘पाटलांनी मिटवलं’ म्हणून तुमचा ठाण्यात जायचा हक्क संपत नाही.

ठाण्याच्या आत

आता मघाचा प्रश्न. कोतवालाविरुद्ध तक्रार कुठे?

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. एका घरगुती तक्रारीच्या निमित्ताने ठाण्यात आलेल्या एका आदिवासी मुलीवर तिथेच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, विरोध केला नाही, असा तर्क होता. पोलीस ठाण्यात, रात्री, एका गरीब मुलीने विरोध कसा करायचा असतो?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईसह देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. आणि अशा खटल्यात बाई ‘माझी संमती नव्हती’ असं म्हणाली, तर न्यायालय तिथून पुढे विचार करेल, असं ठरलं.

ठाण्याची पायरी चढायला लोक का कचरतात, याचं एक उत्तर देसाईगंजमध्ये आहे. आणि लोकांनी आवाज उठवला तर कायदा हलतो, याचंही.

शून्य नंबरची ताकद

१९७३ च्या संहितेने दोन महत्त्वाच्या गोष्टी आणल्या होत्या. एक, तक्रारदाराला एफआयआरची प्रत मोफत. दोन, ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायची सोय. पण कागदावर हक्क होता आणि ठाण्यात उत्तर जुनंच होतं.

खरा धक्का बसला डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला, आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांत, विशेषतः स्त्रियांवरच्या अत्याचारांत, तक्रार नोंदवून न घेणारा अधिकारीच गुन्हेगार ठरू लागला. त्याच नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. त्या प्रकरणाच्या मुळाशी काय होतं? आपली लहान मुलगी हरवलीय म्हणून ठाण्याच्या चकरा मारणारा एक बाप.

झिरो एफआयआरही याच काळात सगळ्यांना माहीत झाली. कल्पना साधी आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचा. २०१३ मध्ये आसाराम प्रकरणातली तक्रार दिल्लीत अशीच नोंदली गेली आणि नंतर जोधपूरला पाठवली गेली. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. ती तक्रार दिल्लीतल्या ठाण्याने परतवली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

तरी तोवर झिरो एफआयआर परिपत्रकं आणि निकालांवर चालत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १७३ मध्ये ‘गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असला तरी’ खबर द्यायचा हक्क थेट कायद्यात आला. म्हणजे आता कागद फिरणार, माणूस नाही. मागाची ती जुनी कल्पना, राखणदाराकडून राखणदाराकडे, पुन्हा आली. फक्त या वेळी गरीब राखणदाराच्या पाठीवर फटके न ठेवता.

सगळं आलबेल झालंय असं नाही. याच कलमात तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, उपअधीक्षकांच्या परवानगीने. ती मुभा गरजेपुरती वापरली जाते की टाळाटाळीसाठी, यावर आपण लक्ष ठेवायला हवं.

आता हे वापरायचं कसं?

तातडीचा धोका असेल तर ११२. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून आहे. कुठलं ठाणं, कुठली हद्द हे तुम्ही शोधत बसायचं नाही.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३०. मिनिटं महत्त्वाची असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवायचे असतात. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

ठाण्यात गेलात आणि गुन्हा दखलपात्र असेल, तर “झिरो एफआयआर नोंदवा, कलम १७३” असं शांतपणे म्हणा. तक्रार मेलने किंवा ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. सही करण्याआधी वाचा. प्रत मागा, ती मोफत आहे.

एक सापळा ओळखून ठेवा. फोन चोरीला गेला असेल तर ‘गहाळ’ लिहू देऊ नका. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला, चोर कुणी नाहीच. तपास तिथेच संपतो. धावत्या गाडीत चोरी झाली असेल तर रेल्वे पोलिसांकडे जा. प्रवासातल्या गुन्ह्याचा खटला गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातल्या कुठल्याही न्यायालयात चालू शकतो, त्यामुळे ‘नेमकं कुठल्या स्टेशनजवळ?’ हे माहीत नसणं तुमचा दोष नाही.

नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठांना. तिथेही दाद नाही तर न्यायदंडाधिकारी. बाई असाल, पंधरा वर्षांखालचे किंवा साठीपुढचे असाल, आजारी किंवा दिव्यांग असाल, तर तपासात साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं हे त्यांचं काम आहे.

हे मुद्दे फोनमध्ये सेव्ह करा, आणि घरातल्या ज्या माणसाला ठाण्याची पायरी चढायला भीती वाटते त्याला आज वाचून दाखवा. गावाकडच्या आजीला, रात्रपाळी करणाऱ्या भावाला, नव्याने शहरात आलेल्या मैत्रिणीला. कायद्यात हक्क आला तरी ठाण्याच्या टेबलासमोर तो मागावा लागतो. आणि जो मागतो, त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याचं काम थोडं सोपं होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.